तोंडी लावायला ब्रसेल्स स्प्राउट्स



डिसेंबर लागला की इंग्लंडातल्या प्रत्येक दुकानात दाराशीच हिरव्या गोट्यांच्या जाळ्या रचलेल्या दिसतात. आपण त्यांच्याकडे बघतो, पुढे जातो आणि विमानाने आलेल्या भेंडीचं पाकीट उचलतो. आम्ही सहाजणी महिन्यातून एकदा हॉलच्या स्वयंपाकघरात एकत्र रांधतो. आमचीही कितीतरी वर्षं तीच तऱ्हा होती. भेंडी-गवारीचे भाव हिवाळ्यात असे चढतात की पाकीट हातात घेऊन परत ठेवावं लागतं. आणि इथल्याच लिंकनशरच्या शेतातले हे स्प्राउट्स नाताळच्या आठवड्यात अक्षरशः काही पेन्सना मिळतात. घरखर्च जिच्या हातात आहे, तिला हा फरक सांगायला नको.

मग आपण ते घेत का नाही? कारण आपली त्यांच्याशी पहिली ओळखच वाईट झालेली असते. इथे नवीन आल्यावर कुणीतरी शेजारी नाताळच्या जेवणाला प्रेमाने बोलावतात. ताटात बटाटे, गाजरं, आणि बाजूला खूप वेळ उकडलेले, करड्या रंगावर गेलेले, उग्र वासाचे स्प्राउट्स. आमच्यातल्या एकीने ते हळूच कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले होते आणि पर्स दोन दिवस गॅलरीत टांगून ठेवावी लागली होती. शेजारणीचा त्यात दोष नाही, तिच्या आईनेही तसेच उकडले असणार.

पण भाजी मुळात परकी नाही. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि हे स्प्राउट्स, सगळी एकाच वनस्पतीची रूपं. कोबीत वरचा गड्डा मोठा केला, नवलकोलात देठ फुगवला, आणि ब्रसेल्सच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी उंच दांड्यावर पानापानाच्या बेचक्यात येणारे कोंब मोठे केले. नाताळाच्या सुमारास काही दुकानांत अख्खा दांडाच विकायला असतो, तो एकदा मुलांना दाखवा. आपला कोबीही काही आपल्या मातीतला नाही, त्याचं नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं. तो आपण चण्याची डाळ घालून आपलासा केलाच ना?

आता कडूपणाबद्दल. तो असतो, खोटं कशाला बोला. मोहरीला जो झणका असतो, त्याच जातीची गंधकयुक्त द्रव्यं यात असतात. मोहरी आणि कोबी एकाच कुळातल्या आहेत. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे आजचे स्प्राउट्स पूर्वीइतके कडू राहिलेले नाहीत. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी कडूपणा नेमका कोणत्या द्रव्यांमुळे येतो ते शोधून काढलं, आणि बियाणं कंपन्यांनी जुन्या, कमी कडू जातींचा भरघोस पिकणाऱ्या जातींशी संकर केला. दुसरी म्हणजे थंडी. गारठा पडला की झाड आपल्यातल्या पिष्टाची साखर करतं, म्हणून दव गोठायला लागल्यानंतरचे स्प्राउट्स जास्त गोड लागतात. सप्टेंबरात घेऊन नाक मुरडू नका, डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा. एवढं करूनही घरात एखादं माणूस कडूच म्हणत राहील. काहींच्या जिभेला हा कडूपणा जन्मतःच जास्त जाणवतो. मुलांना तर जाणवतोच. त्यांच्यावर डोळे वटारून उपयोग नाही.

आणि तो वास? तो बराचसा आपल्या हातात आहे. जितका जास्त वेळ उकडाल, तितका गंधकाचा वास सुटतो. इथे बुडाशी फुलीसारखी चीर देऊन उकडायची जुनी पद्धत आहे. आमच्या मते तिने नुकसानच होतं, पाणी आत शिरतं आणि लगदा होतो. क जीवनसत्त्व त्या पाण्यात निघून जातं ते वेगळंच. कच्च्या स्प्राउट्समध्ये ते संत्र्याहूनही जास्त असतं.

आता कृती. चार माणसांना अर्धा किलो घ्या, लहान आणि घट्ट मिटलेले बघून. पिवळी पडलेली बाहेरची पानं काढा, बुडाचा वाळका तुकडा पातळ कापा, आणि प्रत्येकाचे उभे दोन भाग करा. धुवा, आणि मग स्वच्छ पंचावर पसरून अगदी कोरडे करा. हे कोरडं करणं आम्ही पहिल्या दोन खेपांना टाळलं आणि दोन्ही खेपांना भाजी वाफेत शिजून मऊ पडली. ओलं स्प्राउट कधीच खरपूस होत नाही.

जाड बुडाचा पसरट तवा किंवा बिडाची कढई चांगली तापवा. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल घाला. कापलेली बाजू खाली करून एकेक तुकडा मांडा, एकावर एक नको. मावत नसतील तर दोन घाणे करा. आच मध्यमच्या थोडी वर. आणि आता आपल्याला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट: पाच मिनिटं उलथनं हातात घ्यायचं नाही. आपला हात सारखा परतायला शिवशिवतो. पण खालची बाजू भाकरीच्या पापुद्र्यासारखी तांबूस व्हायची असेल, तर ती तव्याला चिकटून राहिली पाहिजे. एक तुकडा उचलून बघा, तांबूस दिसला तर सगळे उलटा, मीठ भुरभुरवा, दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढा. सुरी सहज शिरली पण मधे किंचित कचका राहिला की झालं. मीठ इथे नुसतं चवीसाठी नाही, त्याने कडूपणाही दबतो.

फोडणी मात्र शेवटी. आम्ही सवयीप्रमाणे आधी फोडणी करून त्यावर भाजी टाकायचो. पण इतक्या आचेवर पाच मिनिटांत मोहरी, हिंग, हळद सगळं करपतं, आणि मग आपण म्हणतो स्प्राउट्सच कडू. छोट्या कढल्यात चमचाभर तेल, मोहरी तडतडली की हिंग जरा सढळ हाताने, एक सुकी मिरची, कढीपत्ता, चिमूटभर हळद, आणि ती चर्र फोडणी भाजीवर ओता. वरून मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, अर्ध्या लिंबाचा रस आणि सुपारीएवढा बारीक चिरलेला गूळ. इंग्रज लोक नाताळात यात चेस्टनट घालतात, आपले शेंगदाणे ती जागा छान घेतात. गोडा मसाला आम्ही घालून पाहिला. घालू नका, स्प्राउटची स्वतःची चवच हरवते.

ओव्हन आधीच तापलेला असेल तर त्यातही होतं. तेलमीठ चोळून २२० अंश सेल्सिअसवर, पंख्याचा ओव्हन असेल तर २०० वर, वीस ते पंचवीस मिनिटं, मधे एकदा हलवून. फ्रोजन स्प्राउट्स असतील तर हीच वाट धरा, आणि ते वितळू न देता सरळ गरम ओव्हनमध्ये टाका. तव्यावर ते पाणी सोडत बसतात.

आता जरा गंभीर. ही कृती जमल्यावर आम्हाला इतका उत्साह आला की गेल्या हिवाळ्यात घरोघरी रोज स्प्राउट्स सुरू झाले. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई हृदयाच्या दुखण्यासाठी वॉरफेरीन घेतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी असते. सासूबाईंना भाजी फार आवडली. दोन आठवडे जवळजवळ रोज वाटीभर खाल्ली. नेहमीच्या तपासणीत त्यांचा आय.एन.आर. नेहमी दोन ते तीनच्या मधे असायचा, तो खाली गेलेला निघाला. म्हणजे गोळीचा असर कमी झाला होता. नर्सने पहिलाच प्रश्न विचारला, "खाण्यात काय बदललं?" स्प्राउट्समध्ये के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि वॉरफेरीन नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. गोळीचं प्रमाण बदललं, आकडा जागेवर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासावं लागलं. सुदैवाने पुढे काही झालं नाही. पण कल्पना आमची होती, आणि ते दिवस आम्हा सहाही जणींच्या पोटात गोळा होता. सून तर सासूबाईंसमोर मान वर करत नव्हती. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, मी मागून मागून खाल्ली, तू काय भरवलीस का?"

तेव्हा घरात कुणी वॉरफेरीनवर असेल तर आधी आपल्या दवाखान्यात विचारा. पानात एकदम नवी हिरवी भाजी रोज वाढू नका, आणि घाबरून नेहमीच्या भाज्या एकदम बंदही करू नका. प्रमाण सारखं राहणं महत्त्वाचं. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही नव्या गोळ्यांना हे बंधन नसतं, म्हणून नेमकी कोणती गोळी आहे ते पाकिटावर वाचून मगच विचारा. त्या सासूबाई आता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेली वाटी खातात. नर्सला ते माहीत आहे.

पोटात वायू धरतो ही तक्रारही खरी आहे, म्हणून तर हिंग सढळ. रात्री उशिरा खाऊ नका एवढंच.

ही भाजी ताटात उजवीकडे वाढायची की डावीकडे, यावर आमच्यात अजून वाद आहे. पोळीशी खायला ती थोडी कोरडी पडते. वरणभाताबरोबर तोंडी लावायला मात्र उत्तम. पोळीशीच हवी असेल तर स्प्राउट्स कोबीसारखे बारीक चिरा, फोडणीत दोन मिनिटं परता आणि भाजलेलं बेसन पेरा. कच्चे चिरून, दही घालून वर फोडणी दिलेली कोशिंबीरही होते, पण तिला अगदी कोवळेच हवेत.

उरलेली भाजी टाकू नका. इथे नाताळाच्या दुसऱ्या दिवशी उरलेले स्प्राउट्स आणि बटाटे कुस्करून तव्यावर खरपूस भाजतात, त्याला 'बबल अँड स्क्वीक' म्हणतात. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, त्यातलाच प्रकार. त्यात हिरवी मिरची, आलं आणि कोथिंबीर घालून थालीपिठासारखं थापा, कडेने तेल सोडा. रुमालात स्प्राउट्स गुंडाळणाऱ्या आमच्या मैत्रिणीने गेल्या सव्वीस डिसेंबरला हेच डब्यात भरून त्याच शेजारणीकडे नेलं. डबा दुसऱ्या दिवशी धुऊन परत आला, आणि आत चिठ्ठी होती: त्यात काय काय घातलं ते लिहून दे.