पगाराची मर्यादा ठरवतं कोण?



संप, टाळेबंदी, युनियन हे शब्द सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत. गिरण्या, यंत्रमाग, बिडी कारखाने यांच्या गावात आपण वाढलो. आज हेच शब्द हॉकीच्या मैदानावर नेऊया.

जानेवारी २०१०. पुण्यात बालेवाडीला भारतीय पुरुष संघाचं शिबिर चालू होतं. दिल्लीतला विश्वचषक जेमतेम दीड महिन्यावर. आणि कर्णधार राजपाल सिंगच्या संघानं सांगून टाकलं, थकलेले पैसे मिळेपर्यंत सराव बंद! हॉकी इंडियानं प्रत्येकी २५,००० रुपये देऊ केले, ते खेळाडूंनी नाकारले. मग कारवाईचा इशारा आला. पण कुणी फुटलं नाही आणि काही दिवसांतच तोडगा निघाला. २८ फेब्रुवारीला याच संघानं पाकिस्तानला ४-१ असं हरवलं. पुढे संघ आठवा आला, ते सोडा. पण पैसे मागितले म्हणून खेळावरचं प्रेम आटत नाही, एवढं तर दिसलंच ना?

फुटले नाहीत, हे महत्त्वाचं. कारण १९९८ आठवा. खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारतानं बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकलं, तब्बल ३२ वर्षांनी. धनराज मानधनाबद्दल उघड बोलला. त्यानंतर त्याला आणि सहा सीनियर खेळाडूंना संघातून ‘विश्रांती’ मिळाली. ही बोलल्याची शिक्षा आहे, असंच तेव्हा बहुतेकांना वाटलं.

आता आजच्या काळात येऊ. २०१७ नंतर थांबलेली हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू झाली. लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला ४ कोटींची पर्स, खेळाडू २४. म्हणजे सरासरी १६-१७ लाख. पण हरमनप्रीत सिंग एकटा ७८ लाखांना गेला, पर्सचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मूळ किंमत २ लाखांपासून. महिलांच्या संघांना पर्स २ कोटींची, म्हणजे बरोबर निम्मी.

मर्यादा वाईटच, असं मी म्हणत नाहीये. ती नसेल तर श्रीमंत मालक सगळे चांगले खेळाडू उचलेल आणि बाकीचे संघ बुडतील. लीगच बंद पडली तर खेळाडूच्या हातात काय उरणार? प्रश्न वेगळा आहे. हा ४ कोटींचा आकडा ठरवताना खेळाडूंच्या बाजूनं कोण बसलं होतं? आकडा आयोजक जाहीर करतात, खेळाडू आपली मूळ किंमत निवडून हातोड्याची वाट बघतो.

आता जरा लांब, अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकीत जाऊ. तिथल्या एनएचएल लीगमध्ये मालकांना पगारावर मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या युनियनला नको होती. २००४ मध्ये मालकांनी सरळ टाळेबंदी केली. हो, आपल्या गिरण्यांत व्हायची तशीच. २००४-०५ चा अख्खा हंगाम वाया गेला. शेवटी युनियननं मर्यादा मान्य केली, प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर, वर चालू करारांत २४ टक्के कपात. म्हणजे खेळाडू हरलेच की!

पण करारात एक कलम होतं. मर्यादा लीगच्या उत्पन्नाला बांधलेली राहील. २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली, तेव्हा वाटा निम्मा-निम्मा ठरला. धंदा वाढला तशी मर्यादाही वाढली. २०२४-२५ मध्ये ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती.

फरक इथे आहे, मंडळी. दोन्हीकडे मर्यादा आहेच. पण तिकडे ती उत्पन्नातला हिस्सा मोजून, समोरासमोर बसून ठरते. इकडे ती वरून कळवली जाते. शिवाय आपले बरेच खेळाडू रेल्वे, पोलीस, तेल कंपन्यांच्या नोकरीत असतात. घर त्या पगारावर चालतं आणि संघनिवड महासंघाच्या हातात. एकट्यानं तोंड उघडायचं कसं?

मी आयटीत आहे, अप्रेझलला “यंदा बजेट एवढंच” हे वाक्य मलाही ऐकवलं जातं. तुमच्यातले काही डिलिव्हरी करतात, त्यांचं रेट कार्ड ॲपवर बदलतं. पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारा: एकूण कमाई किती, त्यात आपला वाटा किती, आणि हे ठरवताना आपल्याकडून कोण होतं? आणि एकट्यानं विचारू नका. बालेवाडीत तेच कामी आलं होतं.

भेटूया पुढच्या भागात!