यंत्राची किल्ली कोणाजवळ?



आपल्या भागातील मुले पुण्या-चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. तेथे त्यांना आता लेसर-संवेदक भेटतात. हा संवेदक प्रकाशकिरण फेकतो, किरण परतायला किती वेळ लागला ते मोजतो आणि वस्तूचे अंतर तारेवरून संगणकाला कळवतो. त्याची मांडणी बदलायला उत्पादकाचेच सॉफ्टवेअर लागते, असा समज आहे. ते हाताशी नसले की काम थांबते आणि रोजावरच्या माणसाचा रोज बुडतो. म्हणून हा विषय मी येथे घेतला आहे.

वस्तुस्थिती अशी की, जाळ्यातल्या प्रत्येक संवेदकाला घरक्रमांकासारखा पत्ता असतो. तो ठाऊक नसला तरी शोधता येतो. तार थेट संगणकाला जोडावी, वायरशार्क हे मोफत साधन चालू करावे आणि मग संवेदकाला वीज द्यावी. पुष्कळ संवेदक जागे होताच आपला पत्ता स्वतः पुकारतात.

व्हेलोडाइन कंपनीचा व्हीएलपी-१६ घ्या. त्याचा मूळ पत्ता १९२.१६८.१.२०१. आपली मोजमापे तो २३६८ क्रमांकाच्या द्वारावर साऱ्या जाळ्याला ऐकवतो. संगणकाला त्याच आळीतला दुसरा पत्ता द्यावा आणि ब्राउझरमध्ये संवेदकाचा पत्ता घालावा. त्याच्या पोटातलेच पान समोर येते. मिनिटाला ३०० ते १२०० फेरे, हा वेग तेथेच बदलता येतो. ही कंपनी २०२३ साली आउस्टरमध्ये विलीन झाली, तरी तिच्या यंत्राशी बोलण्याची वाट मोकळीच आहे. मात्र आधी जुनी मांडणी लिहून ठेवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

हे कायद्यात बसते काय? १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९९ साली दुरुस्ती झाली. सॉफ्टवेअर ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला, स्वतंत्रपणे रचलेले दुसरे सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळवण्यास आवश्यक अशी माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसल्यास, मिळविण्याची मुभा तीत आहे.

एक मर्यादा मात्र कधीही ओलांडू नका. कामगाराचे हातपाय वाचविण्यासाठी बसविलेल्या सुरक्षा-स्कॅनरवर असले प्रयोग करू नयेत. तेथे उत्पादकाचेच साधन, अधिकृत माणूस आणि मागाहून चाचणी, हे तिन्ही हवे.

संघटनांनी दोन मागण्या कराव्यात. खरेदीच्या करारातच संवेदकाची भाषापुस्तिका मागून घ्यावी, आणि ती यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला मराठीत शिकवावी. ज्याच्या हाती अवजार आहे, त्याला त्या अवजाराची भाषाही आली पाहिजे.