इतवारीतून ऐकलेले वसंतराव

नागपूरमधील इतवारीच्या सराफा ओळीतील दुकाने बंद झाल्यावर लाभणाऱ्या निवांतपणात गतवर्षी जे पाहिले, वाचले, ऐकले, त्यात अग्रस्थान डॉ. वसंतराव देशपांडे यांचे. बालपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांची तालीम लाभलेला, तरीही चरितार्थासाठी लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी करणारा हा गवई ‘मी वसंतराव’ या २०२२ च्या चित्रपटात नातू राहुल देशपांडे यांनी उभा केला, तेव्हा दप्तरात कोंडलेल्या त्या स्वराची घुसमट प्रत्यक्ष जाणवली. त्यामागोमाग नागपूरकर पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा वाचले. आणि त्यातील खाँसाहेबांची, वसंतरावांनी गायलेली पदे ध्वनिमुद्रणात ऐकताना मनोमन वाटले की, नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालींना इतका निर्भय, इतका पल्लेदार गळा दुसरा मिळणे दुष्करच होते.