समुद्रतळावरचा पहारा

25 डिसेंबर 2024, ऐन नाताळ. फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणारी 'एस्टलिंक-2' ही समुद्राखालची वीजवाहिनी अचानक बंद पडली. पाठोपाठ काही दूरसंचार केबलही तुटल्या. संशय गेला 'ईगल एस' या तेलवाहू जहाजावर. समुद्रतळावर नांगर फरफटल्याची लांबच लांब खूण मिळाली, जानेवारीत नांगरही वर काढला गेला. पण ऑक्टोबर 2025 मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयानं खटला फेटाळला: घटना फिनलंडच्या सागरी हद्दीबाहेरची, तेव्हा अधिकारक्षेत्रच नाही! मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची.

खंडाखंडांमधली 95 टक्क्यांहून अधिक माहिती समुद्राखालच्या अशाच दूरसंचार केबलमधून वाहते. आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरही अशा कितीतरी केबल येतात. खोल समुद्रात त्यांची जाडी बागेतल्या नळीएवढीच. जगभरात वर्षाला 150 ते 200 बिघाड होतात, बहुतेक मासेमारी आणि नांगरांमुळे. त्यामुळे अपघात कोणता आणि घातपात कोणता, हे ओळखणं फार अवघड.

अशा केबलच्या रक्षणासाठी जानेवारी 2025 मध्ये नाटोनं 'बाल्टिक सेंट्री' मोहीम सुरू केली. त्यात युद्धनौका, गस्ती विमानं आणि ड्रोन आहेत. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लांब जात नाहीत. म्हणून पाण्याखालचे काही ड्रोन जहाजाला तारेनं जोडलेले असतात. काही आखून दिलेल्या मार्गानं स्वतःच फिरतात आणि ध्वनिलहरींनी तळ तपासतात. तरी हजारो किलोमीटरवर सतत नजर कशी ठेवणार? त्यासाठी आता केबलमधल्या काचतंतूंनाच कामाला लावलं जातंय. जवळ नांगर घासला, की त्याची कंपनं हे तंतू टिपतात.