एकाच फांदीची सुरी आणि पेन



टेबलावरची जोडी उपासनेनंतर जरूर हातात घेऊन बघा. भाजी चिरायची सुरी आणि लिहायचे पेन. बाभळीच्या एकाच फांदीचे लागून असलेले दोन तुकडे घेतले आहेत, म्हणून मुठीवरच्या रेषा पेनावर पुढे चालू राहिलेल्या दिसतात.

पाते ट्रकच्या जुन्या पाट्याचे. जालन्याच्या भट्ट्यांसाठी भंगार येते, त्यातूनच तो किलोवर घेतो. सळईची धार टिकत नाही, पाट्याची टिकते. पाते लालभडक तापवायचे, लोहचुंबक चिकटेनासे झाले की आणखी जरा तापवून तेलात बुडवायचे. (घिसाडी याला ‘पाणी देणे’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो.) तेवढ्यावर सोडले तर ते काचेसारखे तडकते. म्हणून गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग येईपर्यंत पुन्हा मंद आचेवर शेकायचे.

लाकडाला मात्र घाई चालत नाही. ओले लाकूड आकसते आणि मूठ हलू लागते, म्हणून फांद्या वर्षभर सावलीत वाळतात. मुले सगळ्यात जास्त कुरकुरतात ती यावर. पेनाच्या तुकड्याला आरपार भोक पाडून पितळी नळी चिकटवतात, मग लेथवर कातून जवसाचे तेल चोळतात. भोक जरा तिरके गेले की तुकडा फुटतो आणि सुरी एकटी उरते.

एकट्या सुऱ्याही खपतात. मग जोडीचा खटाटोप कशाला?

हे काम करणारी बरीच मुले पारधी वस्तीवरची आहेत. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने त्यांच्यासारख्या अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. पण गेल्या डिसेंबरात नाताळच्या विक्रीला निघालेल्या आमच्या एका मुलाला बारा सुऱ्यांसकट रात्रभर बसवून ठेवले. पावती त्याच्या खिशात होती. ती कोणी वाचली नाही.

१ शमुवेलच्या तेराव्या अध्यायात पलिष्टी इस्राएलात लोहार उरू देत नाहीत. फाळ पाजळायलाही इस्राएली माणसाला त्यांच्याच दारात जावे लागे. हा अध्याय मी वस्तीवर वाचला तेव्हा कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

जोडीची कल्पना त्याच मुलाची. एक खोका, त्यात दोन खाचा, झाकणावर केंद्राचे नाव, आत बिल. तो म्हणाला, “दादा, पेनवाल्याला लोक आधी विचारतात. आम्हाला आधी धरतात.” तेव्हापासून चार बाजार झाले, अडवले एकदाच, खोका उघडून बघितला आणि जाऊ दिले. चौकशी थांबली असे मी म्हणणार नाही.

वाळलेले लाकूड यंदा चाळीस जोड्यांपुरतेच आहे, तेव्हा नाताळसाठी हवी असेल तर आताच नाव द्या. लग्नात सुरी देऊ नये असे मानणाऱ्यांनी पेन आहेर करावे, सुरी घरी ठेवावी! आणि ती वापरली की लगेच पुसा. स्टेनलेस नाही, गंजते.