शेवाळाची शेती



वैनगंगेच्या या खोऱ्यांत धान हेंच आमचें जीवन होय. रोवणी आटोपून बांधींत पाणी थांबलें, कीं थोड्याच दिवसांत त्यावर निळसर-हिरवा थर धरतो. ही घाण आहे, असें मीं वर्गांत मुलांना अनेक वर्षें सांगितलें. आज त्या चुकीची दुरुस्ती करावयाची आहे.

नॉस्टॉक, ॲनाबिना, औलोसिरा अशीं या थरांतील जीवांचीं नांवें आहेत. त्यांस शेवाळ म्हणण्याचा प्रघात असला, तरी शास्त्रज्ञ त्यांची गणना जीवाणूंत करितात. हवेंतील नत्र बांधून तें धानास मिळवून देण्याचें सामर्थ्य त्यांच्या ठिकाणीं आहे. बंगालच्या भातशेतीच्या संदर्भांत पी. के. डे यांनीं १९३९ सालीं हें दाखवून दिलें. परिस्थिति अनुकूल असल्यास एका हंगामांत हेक्टरीं २० ते ३० किलो नत्र यांतून मिळूं शकतें.

हें शेवाळ घरींहि वाढवितां येतें. ६ फूट लांब, ३ फूट रुंद व ९ इंच खोल असें पत्र्याचें टाकें घ्यावें. त्यांत ८ ते १० किलो चाळलेली माती व २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट घालून चारपांच इंच पाणी भरावें. माती आंबट असल्यास थोडा चुना मिसळावा. गाळ खालीं बसल्यावर विरजणाप्रमाणें मूळ शेवाळ वर भुरभुरावें, आणि टाकें उघड्या उन्हांत ठेवावें.

मीं प्रथम काय केलें? टाकें निंबाच्या सावलींत ठेवलें आणि वाढ लवकर व्हावी म्हणून मूठभर युरिया टाकला! वाढलें तें साधें हिरवें शेवाळ. आयतें नत्र मिळालें, कीं हे जीव नत्र बांधण्याचें काम सोडून देतात, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. दुसऱ्या खेपेस पाण्यांतील अळ्यांनीं सारें फस्त केलें. तिसऱ्या खेपेस ऊन दिलें, आटलेलें पाणी रोज भरलें, अळ्यांवर नजर ठेविली. तेव्हां कोठें जाड साय धरली. मग पाणी आटूं दिलें आणि वाळलेल्या खपल्या खरवडून पिशवींत भरल्या.

रोवणीनंतर आठवड्यानें, बांधींत पाणी असतांना, हेक्टरीं १० किलो खपल्या फेंकाव्या. त्यानंतर कांहीं दिवस पाणी सोडूं नये. यानें सारें खत वांचेल असें मी म्हणत नाहीं. परंतु खताच्या पोत्यासाठीं उसनवारी करणाऱ्या शेतकऱ्यास थोडी बचतहि मोठी असते.

ज्याला जें स्वतः करितां येतें, तें त्याला आयतें देऊं नये. जें येत नाहीं, तेवढेंच वेळेवर पुरवावें. हा धडा मी शाळेंत जन्मभर शिकविला; परंतु त्याचा खरा अर्थ मला या टाक्यानें शिकविला.