दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक



दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणारा माणूस गावात आपण लगेच ओळखतो. पण ज्याच्यापाशी लाखो सैनिक आणि हजारो विमाने आहेत, अशा बलाढ्य राष्ट्राला परक्याचा खांदा का लागावा? अणुबाँबच्या भयाने, असे तुम्ही म्हणाल. ते खरे, पण अर्धेच. उरलेले कारण त्या राष्ट्राच्या घरातच असते. लाओसची हकीकत पाहा.

लाओस हा व्हिएतनामच्या शेजारचा डोंगराळ, भातशेतीचा देश. १९६२ साली जिनिव्हा येथे अमेरिका, रशिया, चीन, उत्तर व्हिएतनाम या सर्वांनी तो तटस्थ राहील, तिथे परक्या फौजा राहणार नाहीत, असे मान्य केले. देखरेखीच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. तरी उत्तर व्हिएतनामचे सैन्य तिथे राहिलेच, आणि ते नाहीच, असे त्याचे पुढारी सांगत राहिले.

आता अमेरिकेच्या अध्यक्षांपुढे पेच पडला. १९४९ साली चीन साम्यवाद्यांच्या हाती गेला, तेव्हा ‘चीन कोणी घालवला?’ असे विचारून विरोधकांनी ट्रूमन यांना भंडावून सोडले होते. पुढे ट्रूमन यांनी कोरियात फौज धाडली. त्या युद्धात तीस हजारांवर अमेरिकन तरुण कामी आले, आणि ते चालू असतानाच १९५२ साली त्यांचा पक्ष निवडणूक हरला. म्हणजे देश हातचा गेला तरी मते जातात, आणि लोकांची मुले लढायला धाडली तरी मते जातात. इकडे आड, तिकडे विहीर!

मग वाट निघाली ती अशी. लढायला लाओसच्या डोंगरातले मोंग शेतकरी. बंदुका, पैसा आणि तांदूळ अमेरिकेचा. कारभार गुप्तहेर खात्याचा. वरून विमानांचा मारा. १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून अधिक बाँब त्या देशावर पडले. अमेरिकेतल्या घरांत लाओसहून शवपेट्या फारशा आल्या नाहीत, म्हणून जाब विचारणारेही फारसे निघाले नाहीत. १९६९ साली सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली, तेव्हा कुठे पडदा हलला. मार्च १९७० मध्ये अध्यक्ष निक्सन यांना जाहीर निवेदन करावे लागले.

आणि ज्याचा खांदा वापरला, त्याचे काय झाले? मोंगांचे तरणे पुरुष संपत आले, तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हाती बंदुका आल्या. १९७५ साली साम्यवाद्यांची सत्ता आली आणि हजारो मोंग कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडात पळाली. चेंडूएवढे न फुटलेले बाँब लाओसच्या शेतांत आजही सापडतात. तिथला शेतकरी जमीन खणताना जपून खणतो, बरं का!

शिक्षकांनो, युद्धाचा धडा शिकवताना मुलांना तीन प्रश्न विचारा. बंदूक कोणाची? खांदा कोणाचा? आणि बंदूकवाला आपल्याच घरात कोणाला भीत होता? या तिसऱ्या प्रश्नातच उपायही आहे. राज्यकर्ते ज्या जनतेला भितात, तिने परक्याच्या मुलांचाही हिशेब मागितला, तर असा खांदा शोधणे सोपे राहणार नाही.